तुझी साक्ष मी लिहिली होती

लिली,

येत्या रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर तुझी स्मरणसभा आहे आणि पाळकसाहेबांनी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. "विमलबाई, लिलीसिस्टरना तुमच्याइतकं कोण ओळखतं? शेवटपर्यंत विश्वासात कशा टिकल्या, तेवढं येऊ द्या," म्हणाले. मी हो म्हणून बसले. मराठीच्या बाईला कुणी लिहायला सांगितलं की नाही म्हणता येत नाही. शाळेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी सोसायटीच्या नोटिशीपासून लोकांच्या लग्नपत्रिकांपर्यंत सगळं अजून माझ्याच टेबलावर येतं. तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले आणि एकही वाक्य खरं उतरेना. तेव्हा म्हटलं, मंडळीचं मंडळी बघेल, आधी तुलाच लिहावं. तुला जाऊन आज बारा दिवस झाले.

रडून झालंय माझं. म्हणजे झालं असं वाटतं, आणि मग दूधवाला विचारतो, "समोरच्या ताईंची पिशवी बंद करू ना?" की परत सुरू होतं. पण मधल्या वेळात मला तुझा राग येतो. इतका येतो की तुझ्या कुलूप लावलेल्या दारावर जाऊन थापा माराव्यात. पंचवीस वर्षं आपण कल्याणच्या या एकाच मजल्यावर दारासमोर दार ठेवून राहिलो. तू मिरचीची फोडणी घातलीस की ठसका माझ्या घरात लागायचा. आणि तुझं दुखणं परत आलं, हे तू माझ्यापासून आठ महिने लपवलंस. लपवायची वेळ तुझ्यावर आणली मी, हे मला कळतं. तरी राग येतो. दोन्ही एकदम होतं, काय करू.

तसं आपण भांडायचो ते प्रार्थनेवरूनच. महिला मंडळाने आपल्या दोघींची जोडी लावून दिली होती, दर गुरुवारी दुपारी आजाऱ्यांना भेटायला जायचं. तू दवाखान्यातली सिस्टर, मी शाळेतली बाई. तू आजाऱ्याच्या उशाशी बसायचीस, मी गीत सुरू करायचे आणि शेवटी प्रार्थना. माझी प्रार्थना म्हणजे आजाऱ्याचं नाव, वय, दुखणं, डॉक्टरांचं म्हणणं, घरातल्या अडचणी, सगळं क्रमवार. विठ्ठलवाडीच्या त्या लकवा झालेल्या आजोबांकडे मी एकदा इतकी लांबण लावली की आजोबा घोरायला लागले. बाहेर रिक्षात बसल्यावर तुझं हसू आवरेना. "विमे, ही प्रार्थना होती की सोसायटीच्या मीटिंगचा अहवाल? प्रभूला फ्लॅट नंबर पण दिलास तू."

"मागायचं तर नीट मागावं. देव काय मनकवडा आहे?"

"आहेच की," तू म्हणालीस.

तुझं म्हणणं असं, की आजाऱ्याजवळ बसून मागायचं काही नसतं. नुसतं देवाला सांगायचं, की ही इथे आहे, मी पण इथे आहे, तू पण ये. संपली तुझी प्रार्थना. त्याआधी मिनिटभर तू दोन्ही हात काखेत धरून गरम करायचीस, कारण आजाऱ्याला गार हात लावायचा नाही हा तुझा वॉर्डातला नियम. मला ते सगळं फार तोकडं वाटायचं. लोक एवढ्या आशेने बोलावतात आणि ही बाई दोन वाक्यांत आटपते. तसं मी तुला तोंडावर म्हटलंही होतं. हे भांडण आपण कधी मिटवलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते मिटायला नकोच होतं.

आमचे हे गेले तेव्हा मात्र माझी प्रार्थना बंद पडली. नऊ वर्षं झाली त्याला. शेवटचे चार महिने इंजेक्शन द्यायला तूच यायचीस. मी किती मागितलं होतं तेव्हा! उपवास धरून, गुडघे दुखेपर्यंत, अगदी क्रमवार. काही उपयोग झाला नाही. दफनविधीहून घरी आले, गीतांचं पुस्तक कपाटात कोंबलं आणि मंडळीत जाणं सोडलं. पाळकसाहेब आले, महिला मंडळ आलं, सगळ्यांनी मला समजावलं आणि सगळ्यांना मी चहा पाजून वाटेला लावलं.

तू समजवायला आली नाहीस. तू ड्यूटीवरून येताना भाजी आणायचीस, माझ्या ओट्याशी उभी राहून निवडायचीस आणि दोघींची ताटं वाढायचीस. जेवायच्या आधी तू मान खाली घालायचीस, अर्धा मिनिट, ओठसुद्धा न हलवता. नेमकं तेव्हाच मी ताटात चमचा वाजवत जेवायला लागायचे. मुद्दाम. दीड वर्षं मी हे केलं, लिली, आणि तू एकदाही मान वर करून माझ्याकडे बघितलं नाहीस. मग एक दिवस मी थांबले. का थांबले ते आजही सांगता येणार नाही. मेथीची भाजी होती, भाताच्या वाफा येत होत्या, आणि एकटीनेच आधी सुरू करायचा मला कंटाळा आला. तू मान वर केलीस, माझं हात न लावलेलं ताट बघितलंस आणि म्हणालीस, "जेव, गार होतंय." त्या रविवारी मी तुझ्या मागोमाग जिना उतरले. कुठे जातेय, असं तू विचारलंही नाहीस. याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धतच नव्हती.

मग तुझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन, किमो, नंतर रेडिएशनचे शेक. तू आजारी म्हणून अगदीच वाईट होतीस. सलाईन लावणाऱ्या पोरींना शीर कशी शोधायची ते शिकवायचीस, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईचा ताप बघायला उठायचीस. केस गेले तेव्हा माझी तपकिरी लोकरीची टोपी घालून उपासनेला आलीस आणि सरळ पहिल्या बाकावर जाऊन बसलीस. मी मात्र या वेळी अगदी भीतभीत मागत होते. एकदा मागून बघितलं होतं ना. आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, "सध्या काही दिसत नाही. दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचं." त्यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसरं फक्त तू ऐकलंस.

रविवारी उपदेशाच्या आधी पाळकसाहेब विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का, देवाने आपल्यासाठी काय केलं ते चार शब्दांत सांगायचं आहे का. इतक्या वर्षांत तू कधी उठली नव्हतीस. माइक जवळ आला की तू तो शेजारणीकडे सरकवायचीस. मी तुझ्या मागे लागले.

"इतक्यात नको गं," तू म्हणालीस. "अजून दोन-तीन तपासण्या होऊ देत."

"देवाचे आभार काय रिपोर्ट हातात घेऊन मानायचे?"

"तसं नाही. पण मी सिस्टर आहे. मला माहितीये हे कसं असतं."

"आधी सिस्टर की आधी ख्रिस्ती?" मी म्हटलं. असं बोलायची माझी सवय तुला ठाऊक आहे. समोरच्याला उत्तरच सुचणार नाही असा प्रश्न टाकायचा आणि जिंकायचं. वर्गात चाळीस पोरांपुढे उपयोगी पडते ती सवय.

शेवटी तू वहीचा कागद फाडून तीन वाक्यं लिहिलीस. औषधाच्या चिठ्ठीवर असतं तसल्या अक्षरात. 'उपचार संपले. मला आता बरं वाटतंय. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे, तेव्हा प्रार्थनेत आठवण ठेवा.' मी लाल पेन घेतलं. खरोखर लाल, टेबलावर तेच होतं. तिसरं वाक्य पहिल्यांदा खोडलं. साक्षीत तपासणी कशाला? लोकांना वाटेल हिचा विश्वास अर्धामुर्धाच आहे. मग दुसऱ्या वाक्याच्या जागी लिहिलं, 'प्रभूने मला पूर्ण बरं केलं आहे.' त्यावर आणखी एक पान लिहिलं, चांगलं घोटीव. तू ते वाचलंस, दोनदा वाचलंस आणि म्हणालीस, "हे मी एकदा बोलले की मग मागे फिरता येणार नाही हं, विमल."

"मागे फिरायचंय कशाला?" मी म्हटलं.

तू वाचलंस. कागदावरून नजर वर न करता, पण वाचलंस. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले, कुणीतरी मोठ्याने आमेन म्हटलं, आणि मी दुसऱ्या बाकावर बसून तुझ्याबरोबर एकेक वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होते. आता खोटं कशाला बोलू? ती साक्ष तुझी नव्हती, माझी होती. ह्यांच्या वेळी देवाने माझं ऐकलं नव्हतं, या वेळी ऐकलं, हे मला सगळ्यांपुढे पक्कं करून घ्यायचं होतं. मला ते तुझ्यापेक्षा जास्त हवं होतं. आणि उभं केलं तुला.

पुढे काय झालं ते तू सोसलंस, मी मिरवलं. तुझ्या साक्षीचा व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर गेला, तिथून आणखी कुठे कुठे गेला. उल्हासनगरहून फोन, टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगांतून फोन. 'त्या बऱ्या झालेल्या सिस्टरना पाठवा.' गुरुवार पुरेना. लोक तुझ्याकडे असे बघायचे की जणू तुझ्या अंगाला हात लागला तरी त्यांचं काम होणार होतं. आणि मी तुझी सेक्रेटरी असल्यासारखी वेळा ठरवत होते.

त्यातूनच आपण जवळच्या मोहने गावात गेलो. सोनाली, बत्तिशीची पोर, पदराला लहान मुलगी आणि तुझंच दुखणं. सासूने दारातच सांगून टाकलं, "प्रार्थना करा बाई, पण आमच्यात धर्म-बिर्म काय बदलायचा नाय हां, आधीच सांगून ठेवते."

"आजी, तुम्ही चहा तेवढा द्या," तू म्हणालीस. "धर्म ज्याचा त्याच्याकडे राहू दे."

म्हातारी हसली आणि आत चहा टाकायला गेली. सोनालीने तुझा हात धरला होता, पण विचारलं मला. "काकू, खरंच या पूर्ण बऱ्या झाल्या?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "पूर्ण! थांब, तुला दाखवते," आणि फोनवर तुझा व्हिडिओ लावला. ती डोळ्यांत पाणी आणून बघत होती. तू भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलीस. मला वाटलं, स्वतःचं कौतुक ऐकायला लाजतेय. नंतर तू तिच्याकडे अधूनमधून एकटीच जायला लागलीस. मी समजले, त्या लहान मुलीचा तुला लळा लागला.

तपासणीलाही एकटीच निघायचीस. "सिस्टरला कोण धरून नेतं का? तू उगीच तिथे बाकड्यावर ताटकळशील." संध्याकाळी परत आलीस की मी दारातच विचारायचे, काय म्हणाले? "काय म्हणणार? छान आहे." दसऱ्यानंतर तू अशी तीन वेळा गेलीस. तिन्ही वेळा मी तुपातला शिरा केला, लिली. तिन्ही वेळा तू तो माझ्यासमोर बसून खाल्लास. एकदा तर मागून घेतलास. तेव्हा कुठे जाऊन बसत होतीस तू दिवसभर? मोहन्याला? की नुसतीच कुठल्या तरी बाकावर? पदर गळ्यापर्यंत ओढून पिन लावायला लागली होतीस, तेही मी बघितलं होतं, आणि वय झालं की बायका अशा सोज्वळ होतात म्हणून तुला चिडवलंही होतं.

मग त्या सकाळी तुला बाथरूममधून उठता येईना. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. हॉस्पिटलात तो तरुण डॉक्टर तुझी फाइल उलटीसुलटी करत म्हणाला, "मधल्या तपासण्यांचे कागद कुठायत?" मी तुझ्याकडे बघितलं. तू डोळे मिटून घेतलेस. गळ्याच्या हाडाजवळ गाठ होती, ती तुला आठ महिन्यांपूर्वी हाताला लागलेली. आता यकृतात होतं, मणक्यात होतं. मी बाहेर पॅसेजमध्ये त्याला गाठलं. आधी आणलं असतं तर? तो म्हणाला, "बऱ्या झाल्या असत्या असं नाही सांगता येत. पण वेळ मिळाला असता, कदाचित." पोरगा प्रामाणिक होता. तो 'कदाचित' माझ्या मानगुटीवर बसलाय तो बसलाच.

तुला थोडं बरं वाटल्यावर मी भांडले तुझ्याशी. आजारी माणसाशी भांडू नये एवढंही भान मला राहिलं नाही.

"का नाही सांगितलंस?"

"साक्ष दिली होती ना."

"मग? मी उठून सांगितलं असतं सगळ्यांना!"

"काय सांगणार होतीस? की देवाने चुकून बरं केलं?" तू हसलीस आणि हसता हसता तुला खोकल्याची ढास लागली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणालीस, "आणि मोहन्याची ती पोर? तिचे अजून डोस चालू आहेत. माझ्याकडे बघून ती किमोच्या खुर्चीत जाऊन बसते. तिला काय सांगायचं?"

तेव्हाच तू माझ्याकडून वचन घेतलंस. मंडळीत यातलं काही बोलायचं नाही, मी असताना नाही आणि नंतरही नाही. मी वचन दिलं. मग एकोणीस दिवस आपण दुसरंच बोलत राहिलो. तुझ्या कढीलिंबाला पाणी घातलं का, तुझ्या भाचीला नगरहून यायला जमेल का, हॉस्पिटलातली डाळ अशी पिवळीधमक का असते. मला प्रार्थना करायची होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मला क्रम लागेना. शेवटी तुझीच म्हटली. ही इथे आहे, मी पण इथे आहे, तू पण ये. आणि वेड्यासारखी दाराकडे बघत बसले. दुपारी तीनच्या सुमाराला तू गेलीस. दारातून फक्त चादरी बदलणाऱ्या मावशी आल्या.

कबरीपाशी पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या भगिनीने शेवटच्या श्वासापर्यंत आपली साक्ष जपली." सगळ्यांनी माना हलवल्या. मला ओरडावंसं वाटलं, की हो, जपली, त्यातच गेली. मूठभर माती हातात होती ती टाकली आणि घरी आले.

तर रविवारी काय बोलायचं, हा प्रश्न होता. गप्प बसावं तर मंडळीत अजून दोघीजणी अर्ध्या उपचारात आहेत, त्यांना मी पुन्हा तेच शिकवणार, की एकदा बरी झाले म्हटलं की पुढचं लपवायचं. बोलावं तर तुला दिलेलं वचन मोडतं आणि सोनाली मोडते. मला निवडता येईना. म्हणून काल मी मोहन्याला गेले. म्हटलं, त्या पोरीच्या तोंडाकडे बघू, म्हणजे कळेल तिला किती झेपेल.

शेअर रिक्षाने उतरले, जुन्या कारखान्याच्या भिंतीला लागून चालत गेले. म्हातारीने न विचारता चहा टाकला. सोनालीचे केस परत यायला लागलेत, नखभर, मऊ. तिची मुलगी जमिनीवर चित्रं रंगवत होती. मी फार वेळ न लावता सुरू केलं. "सोनाली, तुला एक सांगायचंय. लिलीचं दुखणं परत आलं होतं, आणि ती तपासणीला..."

"माहितीये मला, काकू."

"काय माहितीये?"

"सिस्टरनी मला दाखवलेली ना ती गाठ. इथे, गळ्याजवळ. माझा हात धरून लावलेला. बोलल्या, बघ, हाताला अशी लागते, लक्षात ठेव. तुला लागली तर एक दिवस पण घरी बसायचं नाय. मी तपासणी चुकवली, तू चुकवायची नाय."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी. मी खूप रडलेली तेव्हा. बोलले पण त्यांना, तुम्ही पण चला ना मग, मी येते सोबत. तर बोलल्या, मी वॉर्डात बघितलंय पुढे काय असतं ते. जाईन, पण गेले की विमलला कळेल."

चहाचा कप माझ्या हातात तसाच होता. म्हातारी आतून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

"मला कळेल म्हणून गेली नाही?"

सोनाली बांगडी मागेपुढे करत होती. "तुम्हाला सांगू नको बोललेल्या. पण आता त्याच नाहीत, तर... त्या बोलल्या, तिचा विश्वास एकदा गेलेला, दीड वर्ष. तो परत यायला काय काय लागलं ते मी बघितलंय. आता गेला तर परत यायचा नाय. मी काय, अशी नाय तर तशी जाणार. तिला तिचा देव तरी राहू दे."

मी उठले. म्हातारी म्हणाली, "बसा ओ बाई, चहा तरी प्या," पण मला बसवेना. रिक्षात काय, पायी काय, घरी कशी आले ते मला आठवत नाही.

म्हणजे मंडळीसाठी नव्हतं. सोनालीसाठी तर नव्हतंच, तिला तू सगळं खरं सांगितलंस, हाताला लावून दाखवलंस, आणि ती जिवंत राहावी याची व्यवस्था केलीस. हॉस्पिटलात तिचं नाव घेऊन तू मला गप्प केलंस. मरायला टेकलेली असतानाही माझ्यासाठी खोटं बोललीस. ज्या एका माणसाला तू खरं सांगू शकत नव्हतीस ते माणूस मी होते. दारासमोरचं दार!

रविवारी मी उभी राहणार, लिली. दोन पानं नाहीत, तुझा तो वहीचा कागद माझ्याकडे आहे, तोच वाचणार. तुझी तीन वाक्यं, लाल पेनाने खोडलेल्यासकट. आणि खोडणारी मी होते, एवढं सांगून खाली बसणार. वचन मोडल्याचं मला काही वाटणार नाही. ज्या कारणासाठी तू ते घेतलं होतंस ते काल मोहन्यातच संपलं. पाळकसाहेबांना वाईट वाटेल. पुढच्या रविवारी ते घरी येतील, महिला मंडळ येईल, आणि मी चहा टाकीन.

अगं, एकदा विचारायचं तरी होतंस मला. मी आरडाओरडा केला असता, देवाला नाही नाही ते बोलले असते, तुलाही बोलले असते, आणि त्याच दुपारी तुला रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलं असतं. डॉक्टरचा तो 'कदाचित' आपण दोघींनी मिळून बघितला असता, सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा. विश्वास गेला असता माझा तर गेला असता. तो काय तुझ्यापेक्षा मोठा होता? देवाशिवाय मी आधीही दीड वर्ष काढलं होतं, तू समोर होतीस म्हणून निभलं. तू नसताना देवाबरोबर राहायचं कसं, ते तू मला शिकवलंच नाहीस.